परक्या मुलखातला मोर्चा

आपल्या खानदेशात मोर्चा ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. कापसाच्या भावासाठी, केळीच्या विम्यासाठी, पाण्याच्या आवर्तनासाठी जळगावच्या कलेक्टर कचेरीवर वर्षभरात किती मोर्चे जातात याची मोजदाद कोणी ठेवीत नसेल. धुळ्यात क्युमाईन क्लबजवळ धरणे धरून बसलेली मंडळी दिसली नाहीत तर आज कचेरीला सुट्टी असावी असे वाटते. असा मोर्चा समोरून आला की आपण काय करतो? सायकल बाजूला घेतो, कोणी ओळखीचे आहे का ते पाहतो, घोषणा पटली तर चार पावले बरोबरही चालतो. पोलीस आपल्याच गावचे, पुढारी आपल्याच गल्लीतले. प्रकरण केव्हा हाताबाहेर जाईल याचा अंदाज आपल्याला नकळत असतो. या अंदाजाला आपण शहाणपण समजतो, पण ती नुसती ओळख असते, आणि सीमा ओलांडली की ती संपते.

हे मला कसे उमगले ते आधी सांगते. कारण या विषयावर लिहावयाचा माझा अधिकार तेवढाच आहे. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. परदेश मी पाहिलेला नाही. परंतु धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या माझ्या मामांची मुलगी, आमची ताई, बांगलादेशात कुमिल्ला येथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. १७ जुलै २०२४, बुधवार, आषाढी एकादशी. संध्याकाळी मामींनी तिला व्हिडिओ कॉलवर साबुदाण्याची खिचडी दाखविली, तिने तिकडून हात पुढे करून घास घेतल्याचे नाटक केले. "इकडे जरा गडबड आहे, काळजी करू नका," एवढे म्हणाली. दुसऱ्या दिवशी रात्री कॉल लागला नाही. शुक्रवारी लागला नाही. शनिवारी सकाळी मी धुळ्याला पोहोचले तेव्हा मामा ओसरीत मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते आणि आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती : "पोर कशी व्हई तठे?"

गडबड कसली होती ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७१ च्या मुक्तिसैनिकांच्या वारसांना सरकारी नोकऱ्यांत असलेली तीस टक्के राखीव जागांची पद्धत २०१८ साली रद्द झाली होती. ५ जून २०२४ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने ती परत आणली. जुलैच्या आरंभापासून विद्यार्थी रस्त्यावर आले. १६ जुलैला रंगपूर येथे अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि आंदोलनाचे रूपच पालटले. १८ तारखेला देशातले इंटरनेट बंद झाले, १९ च्या रात्री संचारबंदी लागली, लष्कर उतरले. २१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्र्याण्णव टक्के जागा गुणवत्तेवर भराव्यात असा निकाल दिला, पण तोवर प्रश्न नोकऱ्यांचा राहिला नव्हता. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या दीड महिन्यात सुमारे १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या वेळच्या आकड्यांप्रमाणे बांगलादेशात सुमारे ८,५०० भारतीय विद्यार्थी होते. त्यांतली एक आमची ताई.

आता आमच्या घराचा मूर्खपणा ऐका. ताईशी आमचे बोलणे नेहमी व्हॉट्सॲपवर, आणि तेही तिच्या जुन्या भारतीय क्रमांकावर. तिच्याजवळ बांगलादेशी सिमकार्ड होते हे सर्वांना माहीत होते. त्याचा क्रमांक मात्र घरात कोणाजवळही नव्हता. कॉलेजचे नाव माहीत, वसतिगृहाचे नाव माहीत नाही. कॉलेजच्या कचेरीचा दूरध्वनी माहीत नाही. इंटरनेट गेले तरी साधा फोन बहुधा चालतो, हे ज्ञान असूनही कोणता आकडा फिरवायचा तेच ठाऊक नाही! मामा सारखे म्हणत, "अगं, रोज बोलत होतो ना आपण." रोज बोलत होतो म्हणूनच तर काही लिहून ठेवलेले नव्हते.

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पलीकडे काश्मीरमधले एक गृहस्थ होते. "आपकी बेटी ठीक है, मेरी बेटी के साथ है," असे त्यांनी सांगितले आणि ताईचा बांगलादेशी क्रमांक सावकाश, एकेक आकडा दोनदा उच्चारून लिहून घ्यावयास लावला. मामी फोनसमोरच हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी ताईच्या खोलीत राहत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीर खोऱ्यात फोन व इंटरनेट बंद झाले आणि मोबाईलचे वेगवान इंटरनेट पुरते परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तो काळ त्या मुलीने शाळकरी वयात काढला होता. त्यामुळे १६ तारखेची बातमी ऐकताच तिने काय केले असेल? मोबाईलमध्ये परदेशी बोलण्याइतके पैसे भरून ठेवले, बँकेतून रोख रक्कम काढली, चिवडा-बिस्किटे, मेणबत्त्या, औषधे आणली आणि खोलीतल्या चौघींच्या घरचे क्रमांक एका कागदावर उतरवून घेतले. त्या वेळी ताई तिला हसली होती. शनिवारी महत्प्रयासाने एकच फोन लागला तेव्हा त्या मुलीने आपल्या वडिलांना चारही घरांचे क्रमांक सांगितले व बाकीच्यांना कळविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले.

परदेशातल्या गडबडीत काय करावे याविषयी पुष्कळ सूचनापत्रके निघतात. मला विचाराल तर त्या कागदाएवढे मोलाचे त्यांत काही नाही. आज आपल्या ओळखीतले कोणी बाहेर असेल तर एक कागद त्याच्याजवळ आणि एक घरी, भिंतीवर, हवा. त्यावर तिथला स्थानिक क्रमांक देशाच्या आकड्यासह (बांगलादेश ८८०, नेपाळ ९७७), राहण्याचा पूर्ण पत्ता, सोबतच्या दोघांचे क्रमांक, आपल्या वकिलातीचा चोवीस तासांचा क्रमांक आणि पासपोर्टचा क्रमांक असावा. मोबाईलमध्ये साठवलेले चालणार नाही, कारण बॅटरी संपते आणि मोबाईल हिसकावलाही जातो.

पासपोर्टचीही एक गोष्ट आहे. ताईचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी कॉलेजच्या कचेरीत जमा होता. संचारबंदीत कचेरीला कुलूप. वसतिगृहातली पहिली तुकडी सीमेकडे निघाली तेव्हा ताईला मागे राहावे लागले. संचारबंदी दुपारी दोन तास शिथिल झाली तेव्हा एक कारकून घरून चालत आले, कुलूप उघडले, पासपोर्ट काढून दिला आणि पुन्हा चालत गेले. कामासाठी पासपोर्ट द्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण दिल्याची पावती, पहिल्या व शेवटच्या पानाची व व्हिसाची छायाप्रत आपल्याजवळ असावी आणि वातावरण तापू लागल्याचे दिसताच 'काम नंतर करा, पासपोर्ट आधी द्या' असे सांगण्यास संकोच करू नये. पासपोर्ट हरवलाच तर वकिलात मायदेशी परतण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट देते. त्यासाठीही आपण भारतीय असल्याचा काही पुरावा दाखवावा लागतो, तेव्हा ती छायाप्रत कामी येते.

भारतीय उच्चायोग आणि चट्टग्राम, सिल्हट, राजशाही, खुलना येथील सहायक उच्चायोग यांनी विद्यार्थ्यांना पोलीस बंदोबस्तात सीमेपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली होती. २१ जुलैपर्यंत साडेचार हजारांवर भारतीय विद्यार्थी परतले होते. ताई २२ ला आखौऱ्याची सीमा पायी ओलांडून आगरतळ्यात आली, तिथून कोलकाता, आणि गाडीने भुसावळला उतरली. त्या प्रवासात तिने पाळलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : उच्चायोगाची बस येईपर्यंत ती थांबली. काही मुले घाईने खाजगी मोटार ठरवून निघाली आणि वाटेत अडथळ्यांपाशी तासन्‌तास अडकली. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक नसताना रस्त्यावर असणे हेच सर्वांत वाईट. घराच्या चार भिंती, पाणी, खाणे आणि सोबत असेल तर पहिले दोन-तीन दिवस हलू नये, आणि हलायचे ते दिवसाउजेडी, कोणाला तरी सांगून.

चार भिंतींचेही तारतम्य लागतेच. ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत जे घडले त्याने हे दाखविले. ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने सव्वीस समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ ला शाळा-कॉलेजची मुले नया बानेश्वरला संसदेकडे निघाली. त्या एका दिवसात गोळीबारात एकोणीस जण गेले. रात्री बंदी उठली, पण दुसऱ्या दिवशी संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय पेटले, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, विमानतळ बंद झाला. मोठी हॉटेलेही पेटविण्यात आली. तिथे पशुपतिनाथाच्या दर्शनाला आलेल्या एका भारतीय बाईंचा आग लागलेल्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावरून चादरीच्या आधाराने उतरताना पडून मृत्यू झाला. आपण समजतो की जेवढे मोठे हॉटेल तेवढे सुरक्षित. जमावाचा राग मात्र नेमका सत्तेच्या आणि संपत्तीच्या खुणांवर जातो. सरकारी कचेऱ्या, पक्षांची कार्यालये, पुढाऱ्यांची घरे, त्यांच्याशी संबंध असल्याचे बोलले जाणारे उद्योग यांपासून दूर, मधल्या गल्लीतले साधे निवासस्थान, दुसरा-तिसरा मजला, आणि खोलीत शिरताच जिना कोठे आहे ते पाहून ठेवणे, एवढी काळजी घेता येते. रस्त्याकडेची खिडकी मिळाली म्हणून आनंद मानू नये. दगड आणि गोळी दोन्ही तिथूनच येतात.

नेपाळचा उल्लेख आपल्या भागासाठी मुद्दाम केला. बांगलादेशात आपल्याकडचा एखादा विद्यार्थी जातो, नेपाळला मात्र आळीच्या आळी जाते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा करून यायचे, आणि पासपोर्ट लागत नाही म्हणून तो परदेश आहे असे कोणाच्या मनातच येत नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी वरणगाव-भुसावळ भागातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि सत्तावीस जण दगावले. तो अपघात होता, आंदोलनाशी त्याचा संबंध नाही. पण त्या दिवशी बसमध्ये नेमके कोण होते याची विचारपूस जळगाव जिल्ह्यातल्या घराघरांत ज्या रीतीने चालली होती ती आठवली म्हणजे नावांच्या यादीची एक प्रत गावात ठेवून निघणे किती साधे आणि किती आवश्यक आहे हे कळते. नेपाळला जाणाऱ्या प्रौढाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवे, आधारकार्डावर विसंबू नये. सोबत थोडी रोख रक्कम हवी. इंटरनेट बंद पडले की मोबाईलवरचे पैसे नुसते दिसतात, निघत नाहीत. तिकीट कागदावर छापलेले असावे, कारण संचारबंदीत विमानतळाकडे जाऊ देणारा परवाना बहुधा तेच ठरते.

समजा, एवढे करूनही आपण रस्त्यात सापडलो. चौकातून वळलो आणि समोर जमाव आला. इथे मात्र खानदेशी माणसाला काही शिकवावे लागू नये असे मला वाटते. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथोत्सव ज्याने लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिला त्याला गर्दीची चाल ठाऊक असते. रथाच्या चाकाखाली मोगरी लावणारे गडी कसे सदैव कडेला, चाकाच्या तिरपे, एक पाय मागे ठेवून उभे असतात ते आठवा. गर्दीतही तसेच. प्रवाहाविरुद्ध जायचे नाही, प्रवाहाबरोबर चालत तिरपे तिरपे कडेला सरकायचे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून अधिक झाली की गर्दीची माणसे उरत नाहीत, ती पाण्यासारखी हलू लागते. तेव्हा दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी, खाली पडलेले काही उचलावयास वाकू नये, भिंतीला, कठड्याला चिकटू नये. चेंगराचेंगरीतली बहुतेक माणसे तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरतात. वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी जे झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

अश्रुधुराबद्दल आपल्याकडे भलत्या समजुती आहेत. टूथपेस्ट फासा, कांदा हुंगा, दूध ओता, असे सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक वसतिगृहात भेटतात. अश्रुधूर हा खरे पाहता वायू नसतोच. ती हवेत उडविलेली अतिसूक्ष्म भुकटी असते. ती जड असल्याने खाली बसते, कपड्यांना, केसांना, घामाला चिकटते. म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेला आणि चढाकडे जावे, खड्ड्यात, तळघरात शिरू नये. डोळे चोळू नयेत, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात धुऊन लगेच काढाव्यात. कपडे बदलावेत आणि वेगळे ठेवावेत. मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटांत बहुतेकांना उतार पडतो. दमेकऱ्याने मात्र त्या बाजूला फिरकूच नये. आणि नळकांडे हाताने उचलून फेकण्याचा पराक्रम करू नये. ते भाजण्याइतके तापलेले असते, आणि ते उचलणाराच दुसऱ्या दिवशी पोलिसांना छायाचित्रात हवा असतो.

छायाचित्रावरून आठवले. आपल्या पिढीचा हात अशा वेळी आपोआप मोबाईलकडे जातो. पोलीस, सैनिक, लष्करी वाहन यांचे चित्रण अनेक देशांत गुन्हा आहे. निदर्शकांनाही ते नको असते, कारण त्याच चित्रणावरून त्यांची धरपकड होते. दोन्ही बाजूंना आपण हेर वाटतो. तसेच तिथल्या घोषणा असलेले किंवा लष्करी रंगाचे कपडे, तिथल्या वादाविषयी दुकानात, रिक्षात मते मांडणे आणि रात्री इंटरनेटवर ती लिहिणे, हे सारे टाळावे. मे २०२४ मध्ये किरगिझस्तानची राजधानी बिश्केक येथे परदेशी विद्यार्थी व स्थानिक तरुण यांच्यातल्या एका भांडणाचे चित्रण पसरले आणि १७ च्या रात्री जमाव वसतिगृहांवर चालून गेला. ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता त्या दक्षिण आशियाई मुलांनी मार खाल्ला. भारतीय वकिलातीने मुलांना घराबाहेर पडू नका असे कळविले. त्या दोन दिवसांत समाजमाध्यमांवर मृत्यूच्या ज्या बातम्या फिरल्या त्या खऱ्या ठरल्या नाहीत, पण इकडे आईबापांनी दोन रात्री काढल्या त्या खऱ्याच होत्या. म्हणून घरच्यांसाठीही एक पथ्य : वकिलातीचे पत्रक आणि मुलाचा स्वतःचा आवाज, याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये, आणि काही पुढे तर पाठवूच नये.

आता कायद्याचा भाग. आपल्याला वाटते की मोर्चात जाणे हा हक्क आहे. भारतीय राज्यघटनेचे एकोणिसावे कलम आपण पाठ केलेले असते, पण ते भारतीय नागरिकाला भारतात दिलेले आहे. बाहेर आपण व्हिसावर असतो, आणि अनेक देशांत व्हिसाच्या अटींत किंवा कायद्यात परक्यांना राजकारण वर्ज्य असते. जुलै २०२४ मध्ये, बांगलादेश पेटलेले असताना, संयुक्त अरब अमिरातीत काम करणाऱ्या बांगलादेशी मजुरांनी आपल्या देशाच्या सरकारविरुद्ध तिथल्या रस्त्यांवर निदर्शने केली. काही दिवसांत सत्तावन्न जणांना शिक्षा झाल्या : तिघांना जन्मठेप, त्रेपन्न जणांना दहा वर्षे, एकाला अकरा वर्षे. सप्टेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली, पण नोकरी गेली आणि त्यांना मायदेशी धाडण्यात आले. लोकशाही देशांतही निर्धास्त राहू नये. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका भारतीय संशोधक विद्यार्थिनीला पॅलेस्टाईनविषयक निदर्शनांच्या संदर्भात व्हिसा रद्द झाल्याने देश सोडावा लागला.

चुकून पकडले गेलोच तर? धावू नये, हुज्जत घालू नये, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये, आणि एकच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणावे : मी भारतीय नागरिक आहे, माझ्या वकिलातीला कळवा. ही विनवणी नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाने मागणी केल्यास त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळविणे बंधनकारक आहे. याच कलमाचा भंग झाला म्हणून आपल्या महाराष्ट्रातल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मताने पाकिस्तानला दोषी ठरविले. अर्थात वकिलात आपल्याला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही. ती भेटते, वकील मिळवून देण्यास साहाय्य करते, घरी कळविते. आपण त्या देशात आहोत हेच तिला ठाऊक नसेल तर तेही जमत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना नाव नोंदविण्याची सोय आहे. ताईच्या वर्गातल्या किती जणांनी ते केले होते असे विचारले तर ती गप्प बसली.

एवढे सगळे लिहिले, पण एक गोष्ट लिहावी की नाही असा बराच विचार केला. ताई परत आल्यावर चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी गच्चीवर म्हणाली, "आमच्या वर्गातली मुलं बाहेर होती आणि मी खिडकीचा पडदा ओढून बसले होते." तिच्या बाकावरची बांगलादेशी मैत्रीण मोर्चात गेली होती. ताईने येऊ का म्हणून विचारले होते. तिने साफ नाही म्हटले : तू अतिथी आहेस. बंगालीतही हा शब्द आपलाच. दोन दिवसांनी मैत्रिणीच्या दंडात छर्रे घुसल्याचे ताईला कळले.

मला तेव्हा नंदुरबारचा शिरीषकुमार आठवला. पंधरा वर्षांचा मुलगा, ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, आणि त्याच्यासोबत गेलेले आणखी चौघे. लहानपणापासून आम्हाला शाळेत शिकविले की असे पुढे व्हावे. आणि आज मी इथे लिहिते आहे की पडदा ओढून घरात बसावे! आमच्या अभ्यासमंडळात यावर चांगलीच खडाजंगी झाली. एकाने गदर पक्षाचे आणि पांडुरंग खानखोज्यांचे उदाहरण दिले : तेही परदेशातच होते की. होते. पण ते आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी झगडत होते आणि त्याची किंमत ओळखून होते. शिरीषकुमार ज्या चौकात उभा राहिला तो त्याचा चौक होता. तिथले उद्याचे बरेवाईट त्याच्याच माणसांना भोगायचे होते. ताई त्या मोर्चात गेली असती तर तिला काही झाल्यास तिच्या मैत्रिणींचे आंदोलन 'परकीयांनी चिथावलेले' ठरविण्यास सरकारला आयते निमित्त मिळाले असते. माझे मत असे आहे, आणि ते सर्वांना पटले नाही. आमच्या सरांनाही पूर्ण पटलेले नाही. ताईचे म्हणणे आणखी निराळे : जायला नको होते हे बरोबर, पण म्हणून बरे वाटायला पाहिजे असे नाही.

ताई नंतर पुन्हा गेली. अभ्यासक्रम पुरा करणे भाग होते. निघण्याआधी मामींनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूवर तिचा तिथला क्रमांक, वसतिगृहाचा पत्ता, काश्मिरी मुलीच्या वडिलांचा क्रमांक असे सगळे तिच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. वर्ष बदलले तेव्हा जुने कालनिर्णय उतरविण्याआधी त्यांनी ते सारे नव्यावर स्वतः उतरविले, आणि मग खिळ्याला टांगले.